चौदाची पाटी

१

थोरला आपल्या दुकानात मरून पडला होता आणि दुकान चालू होतं.

चालू म्हणजे शटर वर होतं, दिवा जळत होता, अंड्यांचे ट्रे पुढे मांडलेले होते आणि दाराशी भावाची पाटी टांगलेली होती. बाजाराचा दिवस होता. सकाळपासून दारावरून शेकडो माणसं पिशव्या हलवत गेली. एकानंही आत डोकावून पाहिलं नाही. ह्यात त्यांचा काही दोष नव्हता. पाटीवर चौदा लिहिलं होतं आणि बाकीच्या गल्लीत तेरा होतं.

ही गल्ली अंड्यांची. वीस दुकानं, दहा ह्या अंगाला आणि दहा त्या, आणि विसांतही फक्त अंडी. सगळी एकाच ट्रकमधून उतरतात. अंडं हे अंडंच असतं; कोंबडी त्यावर सही करत नाही. त्यामुळे इथलं गिऱ्हाईक मालाकडे बघत नाही, मालकाकडे तर मुळीच नाही. ते पाटीकडे बघतं. डझनाला बारा रुपये म्हणजे सगळीकडे बारा. एखाद्यानं तेरा लिहिले तर त्याचं गिऱ्हाईक कमी होत नाही, संपतं. एखाद्यानं अकरा लिहिले तर अख्खा बाजार त्याच्या अंगावर कोसळतो आणि चहा निवायच्या आत बाकीचे सगळेही अकरावर येतात. भाव कुणी ठरवत नाही. तो असतो, हवेसारखा, आणि जो तो त्यात आपापला श्वास घेतो.

अशा गल्लीत जास्त भाव बघून दुकानात शिरेल अशी एकच व्यक्ती होती. ती सरकारी कचेरीतून यायची. रोज वीस पाट्या बघायच्या, भाव टिपायचा आणि वर कळवायचा, एवढंच तिचं काम. गल्ली तिला भावबाई म्हणे. काम कंटाळवाणं होतं, कारण वीस पाट्यांवर कायम एकच आकडा असे. गेला आठवडाभर तर गल्ली बारावर अशी रुतली होती की जुनेच आकडे रोज सकाळी बाहेर टांगले जात होते. त्या दिवशी, चांगलं ऊन पडल्यावर, ट्रक रस्त्यात बंद पडल्याचा निरोप आला आणि गल्ली तेरावर गेली. दुपारी भावबाई आली तेव्हा एकोणीस पाट्यांवर तेरा होतं आणि एकीवर चौदा. तिला बरं वाटलं. हे का, ते विचारायला ती आत गेली.

हाकेला उत्तर आलं नाही. काउंटरच्या मागे थोरला कुशीवर पडला होता. कानशिलाला जखम होती आणि एका खोक्याच्या कोपऱ्यावर थोडं रक्त सुकलं होतं. डोक्याखाली गोणपाटाची घडी होती. चष्मा मिटून ट्रेच्या एका रिकाम्या खळग्यात, अंड्याच्या जागी, नीट ठेवलेला होता. शेजारी बुटकं स्टूल. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट खडूनं पांढरं झालं होतं. भावबाईनं तो हात धरून पाहिला आणि हळूच परत होता तिथे ठेवला.

ती बाहेर येऊन शेजाऱ्याशी एक वाक्य बोलली. मग गल्लीतली शटरं एकामागून एक खाली आली. बाजाराच्या दिवशी इथे शटर एकाच कारणानं खाली येतं, म्हणून आवाज ऐकताच पलीकडच्या रस्त्यावरचे लोकही धावले. काही मिनिटांत एकोणीस दुकानं बंद होती. उघडं होतं ते एकच, ज्याचा मालक मेला होता ते.

डॉक्टर म्हणाले, उजाडायच्या सुमारास गेलाय. मार लागून पडला की पडून मार लागला, ते तपासून संध्याकाळी सांगतो.

गल्लीतले म्हणाले, सकाळी आम्ही दुकानं उघडली तेव्हा त्याच्या पाटीवर तेरा होते. आमचे तेव्हा बारा. मग आमचे तेरा झाले आणि त्याचे चौदा.

भावबाईनं हे मनाशी दोनदा लावून पाहिलं. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं. मेल्यावर काही तासांनी थोरल्यानं भाव वाढवला होता.

२

फौजदाराला हे फारसं विचित्र वाटलं नाही. त्याच्या अनुभवात माणसं मेल्यावर बरंच काही करतात. सह्या करतात, मतं देतात, जमिनी विकतात. त्यामानानं भाव वाढवणं किरकोळ.

त्यानं दुकानात एक खुर्ची घेतली आणि भावबाईला दुसरी दिली. प्रेत तिनं पाहिलेलं असल्यामुळे तिचा जबाब झाल्याशिवाय तिला जाता येत नव्हतं, आणि ती तिथंच असल्यामुळे तिला गप्प बसवता येत नव्हतं. खडूचं तिनं सांगितलं तेव्हा तो म्हणाला की अंडीवाल्याच्या हाताला खडू नसेल तर काय अत्तर असेल. चष्म्याचं सांगितलं तेव्हा म्हणाला, मारणाऱ्याला मागाहून वाईट वाटलं असेल, वाटतं कधीकधी. कारण मारणारा कोण ते त्याला माहीत होतं. गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं. समोरचा धाकटा.

थोरला आणि धाकटा सख्खे भाऊ. आधी दुकान एकच होतं. वाटण्या झाल्या आणि धाकट्यानं बरोबर समोरचा गाळा घेतला. पहिल्याच वर्षी एका सकाळी त्यानं पाटीवरचा भाव एकानं उतरवला. तासभर तो राजा होता. मग थोरल्यानं उतरवला, मग शेजाऱ्यानं, मग सगळ्यांनी. मग धाकट्यानं आणखी एक. महिनाभर गल्ली तोट्यात अंडी वाटत होती आणि आसपासच्या घरांतली पोरं ऑम्लेट बघून रडायला लागली होती. दोन दुकानं बुडाली. थोरल्यानं भर रस्त्यात भावाला सांगितलं की तू मला मेलास. धाकट्यानं सांगितलं की तुझ्या दुकानात कुत्रं फिरकणार नाही असं करीन. त्यानंतर नऊ वर्षं ते एकमेकांशी बोलले नव्हते. मधे जेमतेम हातगाडी जाईल एवढा रस्ता, त्यामुळे हे न बोलणं त्यांना दिवसभर समोरासमोर बसून करावं लागे.

आणि आज खरोखरच कुत्रं फिरकलं नव्हतं, हे फौजदारानं बोट वर करून सांगितलं. पहाटे धाकटा रस्ता ओलांडून आला, दोघांचं वाजलं, त्यानं ढकललं, मग कुणी आत येऊ नये म्हणून पाटीवर एक वाढवला आणि भावाचं गिऱ्हाईक दिवसभर आपल्याकडे ओढलं. ऊन उतरलं की त्याला ठाण्यावर न्यायचं.

"साहेब, गिऱ्हाईक हवं असेल तर खून कशाला लागतो?" भावबाई म्हणाली. "खडू पुरतो. स्वतःचा भाव एकानं उतरवला की विसांचंही गिऱ्हाईक त्याच्याकडे. भावाला मारून फक्त एका दुकानाचं सुटतं, आणि तेही एकोणीस जणांत वाटलं जातं."

"माणूस एवढा हिशेब करून मारत नाही, बाई."

"मग मारल्यावर एवढा हिशेब करून पाटी लिहील?"

फौजदारानं तिला पाणी हवंय का विचारलं. तिला नको होतं.

थोरल्याची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणे, दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायची. गलका ऐकून ती आतून आली होती, नवऱ्यापाशी बसली होती, आणि एक शब्द बोलली नव्हती. शेजारच्या बायकांनी तिला वरच्या मजल्यावर आपल्या घरी नेऊन बसवलं होतं. पडल्याचा आवाज ऐकला का, एवढंच फौजदारानं विचारलं, तर तिनं मान हलवली, नाही. मग तिला आज काही सांगायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. दिरावर काय बालंट आलंय, हे त्या संध्याकाळी गल्लीत तिला एकटीलाच ठाऊक नव्हतं.

धाकट्याला बोलावलं. तो आला, खुर्चीकडे बघितलं आणि उभाच राहिला. त्याला अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

"दादानं आज मला माफ केलं होतं," तो म्हणाला.

३

फौजदारानं पेन खाली ठेवलं. भाव वाढवण्यापर्यंत ठीक होतं. आता प्रेत माफही करायला लागलं होतं.

धाकट्याला रडू येत नव्हतं. येईल येईल असं वाटून तो मधेच थांबायचा आणि मग पुढे बोलायचा. त्यानं सांगितलं ते असं. एका बिस्किटांच्या कारखान्यानं त्याला मोठी मागणी दिली होती, म्हणून त्यानं ट्रकवाल्याकडून नेहमीच्या तिप्पट माल उतरवून घेतला. काल संध्याकाळी कारखान्याचा निरोप आला की नको. दुकानासमोर छपरापर्यंत खोकी लागली होती, त्याला स्वतःला आत शिरायला आडवं व्हावं लागलं. उकाड्यात अंडी टिकत नाहीत. सुटायचा मार्ग एकच, भाव एकानं उतरवायचा. आणि तेवढंच तो करू शकत नव्हता. मागच्या वेळी बुडालेल्या दोघांपैकी एकाची बायको अजून त्याला रस्त्यात बघून तोंड फिरवते. पुन्हा कधी आपण पहिला उतरवणार नाही, असं त्यानं तेव्हाच ठरवलं होतं.

म्हणून सकाळी त्यानं सगळ्यांसारखीच बाराची पाटी टांगली, आणि मान वर केली, तर समोर तेरा.

"मला वाटलं चुकला. पण दादा आकड्यात चुकत नाही. मग बघत राहिलो. गिऱ्हाईक त्याच्या दारापर्यंत जायचं, पाटी वाचायचं आणि वळायचं. वळलं की समोर मीच." त्यानं हातानं दाखवलं, कसं वळायचं ते. "खोकी छपरापासून गुडघ्यापर्यंत आली. मी म्हटलं, दादा बोलला. नऊ वर्षांनी बोलला."

भावबाईनं विचारलं, मग लगेच रस्ता ओलांडून का गेला नाहीत.

"गिऱ्हाईक होतं ना," धाकटा म्हणाला.

हे बोलल्यावर त्याला ते ऐकू आलं. तो खुर्चीवर बसला.

फौजदारानं लिहून घेतलं की संशयिताला अडकलेला माल काढायचा होता. हेतू आयताच मिळाला होता. भावबाई मात्र पेचात पडली. ह्या माणसाला ठाण्यापासून वाचवायचं तर पाटी दुसऱ्या कुणी लिहिली हे दाखवावं लागणार होतं. आणि पाटी दुसऱ्या कुणी लिहिली असेल, तर दादा काही बोललाच नव्हता. एक खडूचा तुकडा त्याला सोडवणार होता आणि त्याच खडूनं त्याची माफी पुसली जाणार होती.

तिनं विचारलं, गल्ली तेरावर गेली तेव्हा तुम्ही काय करत होता.

"पाववाल्याशी भांडत होतो," धाकटा म्हणाला. "त्याला विचारा. त्यालाही दुसरं काही येत नाही."

४

पाववाला हे गल्लीचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कटकटं गिऱ्हाईक. जिथे घासाघीस करून काही उपयोग नाही अशा वीस दुकानांत तो रोज घासाघीस करायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, अंगाला व्यायाम होतो. आज तो सरळ उभा होता आणि टोपी हातात होती.

त्याचं म्हणणं असं की सकाळी तो धाकट्याकडे बाराच्या भावानं हातगाडी भरत होता. धाकटा एकेक ट्रे उचलून देत होता, हा रचत होता. तेवढ्यात ट्रकचा निरोप आला आणि गल्लीच्या टोकापासून पाट्या पुसल्या जायला लागल्या. धाकट्याचे हात भरलेले, म्हणून त्याची पाटी सगळ्यात शेवटी बदलली. पण बदलली, आणि उरलेल्या मालाला तो तेरा मागायला लागला. अर्ध्या गाडीला एक भाव आणि अर्ध्या गाडीला दुसरा, ह्यावरून पाववाल्याचं डोकं फिरलं. त्यानं मान वळवली. समोर थोरल्याच्या पाटीवरही तेराच होते. म्हणजे आता सगळे सारखेच. मग ह्याच्याकडेच कशाला घ्यायचं, असं म्हणून तो निघाला.

"दोन पावलं टाकली असतील ताई, तर पाटीची दोरी ताठ झाली. पाटी आत गेली. परत बाहेर आली तर चौदा."

"हात दिसला?"

"नाही. दोरीच दिसली. मला वाटलं म्हातारा खोडी काढतोय. मी त्याला रस्त्यातून काहीतरी बोललो." पाववाल्यानं टोपी फिरवली. काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

धाकटा त्या वेळी कुठे होता, ह्यावर पाववाला म्हणाला की मी निघालो तो हातातला ट्रे घेऊनच, आणि त्या ट्रेचं दुसरं टोक त्याच्या दोन हातांत होतं. आम्ही दोघं तो आपापल्याकडे ओढत होतो.

फौजदारानं पाटीच्या दोरीकडे बघितलं. दोरी खिळ्यावरून आत येत होती आणि काउंटरच्या मागे, त्या बुटक्या स्टुलाच्या वर, हाताला येईल अशी लोंबत होती. दुकानाला दोनच दारं. पुढचं, जिथून कुणी आलं नव्हतं. आणि मागचं, जे फक्त घरात उघडत होतं. घरात एकच माणूस होतं.

त्यानं धाकट्याच्या नावावर काट मारली. ह्याचं त्याला बरं वाटलेलं दिसलं नाही.

"वहिनींना खाली आणा," तो म्हणाला.

धाकटा उठून उभा राहिला. म्हणाला, साहेब, मीच ढकललं, लिहून घ्या. फौजदार म्हणाला, बस खाली.

भावबाईनं आधी आपल्याला वर जाऊ द्या म्हणून सांगितलं. फौजदारानं जाऊ दिलं, पण तो स्वतः जिन्यात येऊन उभा राहिला.

५

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. बायकांना बाहेर जायला सांगितलं तेव्हा त्या दाराच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांच्या मते गेल्या.

भावबाई समोर बसली. आधी तिनं, गल्लीनं जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं ते सांगून टाकलं: भाऊजींवर काय आलं होतं, ते कसं टळलं, आणि आता खाली काय चाललंय. वहिनीचा चेहरा एकदम जागा झाला. ती उठायला लागली. भावबाईनं तिला हात धरून बसवलं आणि म्हणाली, आधी मला जे वाटतंय ते ऐका, चुकलं तर सांगा.

मारणारा माणूस चष्मा मिटून ठेवत नाही. डोक्याखाली घडी घालत नाही, आणि शेजारी स्टूल घेऊन बसत तर नाहीच. मग प्रश्न पाटीचा. भाव दर वेळी गल्लीपेक्षा एकानंच जास्त होता. वीस लिहिले असते तर लोक हसले असते, आत येऊन विचारलं असतं, काय हो, सोन्याची अंडी आहेत का. एकानं वाढवला की कुणी विचारत नाही, कुणी येतही नाही. ज्यानं हे केलं त्याला विकायचं नव्हतं. कमवायचं नव्हतं. लपवायचंही नव्हतं, कारण दुकान सताड उघडं होतं. आणि शटर ओढून घ्यावं तर ह्या गल्लीत शटर खाली म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं, सगळी गल्ली धावत येते.

"तुम्हाला कुणी यायला नको होतं," भावबाई म्हणाली. "एवढंच."

वहिनीनं आपल्या हातांकडे बघितलं. उजव्या हाताच्या बोटांवर अजून पांढरं होतं.

"लग्न झालं त्याच आठवड्यात दुकान उघडलं," ती म्हणाली. "तेव्हापासून त्यांनी माझ्याशी एक वाक्य पुरं केलं नाही. मधेच गिऱ्हाईक यायचं. 'अगं, मी काय म्हणत होतो' म्हणायचे आणि वळायचे. गिऱ्हाईक गेलं की विसरलेले असायचे. रात्री तर बसल्या बसल्या झोपायचे. आज मी चहा घेऊन आले तर पडलेले. हात लावला आणि कळलं. ओरडायला तोंड उघडलं. मग वाटलं, ओरडले की सगळे येतील, आणि मग ते सगळ्यांचे होतील. म्हटलं, जरा बसते. कुणी आलं की सांगू. तर कुणी आलंच नाही."

मग पुढे ती म्हणाली की समोर भाऊजींची पाटी पुसलेली दिसली, तेरा झाले, आणि तो पावांचा माणूस निघालेला दिसला. एवढी वर्षं गल्लीत काढल्यावर काय करायचं ते सांगावं लागत नाही. दोरी ओढली, तीन पुसले, चार लिहिले. तो परत गेला. दुपारी तोंड धुवायला ती आत गेली, तेवढ्यात भावबाई आली होती.

भावबाईनं विचारलं, इतका वेळ काय केलंत.

"बोलले," वहिनी म्हणाली. "ते ऐकत होते."

दाराच्या पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. जिन्यात फौजदाराचे बूट एक पायरी खाली गेले.

भावबाई उठली. आता तिला खाली जाऊन धाकट्याला सांगायचं होतं की तू सुटलास, आणि तुझा दादा काही बोललाच नव्हता. तेरा वहिनीनं लिहिले, चौदाही वहिनीनं लिहिले. दारापाशी तिनं नुसतं खात्री करायला म्हणून विचारलं, सकाळी तेरा लिहिले तेव्हा अंधार होता का.

वहिनीला प्रश्न कळला नाही.

"तेरा माझे नाहीत," ती म्हणाली. "मी चहा घेऊन आले तेव्हा पाटीवर तेरा होतेच."

६

भावबाई जिन्यात फौजदाराच्या वरच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, साहेब, त्याच्या हाताला खडू होता.

फौजदार म्हणाला, बाई, मघाशीच सांगितलं तुम्हाला, अंडीवाल्याच्या हाताला...

आज सकाळी बाकी कुणाच्या हाताला नव्हता, ती म्हणाली. आठवडाभर गल्ली बारावर होती. उजाडताना एकोणीस जणांनी कालच्याच पाट्या बाहेर टांगल्या; खडू कुणाला लागलाच नाही. तो लागला फक्त एकाला. पाटी बदलणाऱ्याला. आणि गल्ली तेरावर गेली तेव्हा थोरला हात हलवायच्या पलीकडे गेलेला होता. मग त्याच्या बोटांवरचा खडू तेराचाच.

ती खाली आली आणि थोरला बसायचा त्या जागी जाऊन उभी राहिली. तिथून गल्ली दिसत नव्हती. वीस दुकानांपैकी एकच दिसत होतं, समोरचं. काल संध्याकाळपासून थोरल्याला बसल्या जागेवरून छपरापर्यंत लागलेली खोकी दिसत होती. भाऊ भाव उतरवणार नाही, हेही त्याला माहीत असणार. उतरवला असता तर रात्रीच उतरवला असता. जाऊन विचारायचं तर नऊ वर्षांचं न बोलणं मधे होतं. गिऱ्हाइकाला हातानं धरून तिकडे नेता येत नाही. पण आपली पाटी एकानं वाढवली की ते आपणहून वळतं. फार नाही, एका दुकानाचं. वाटून जाईल म्हणावं तर वळल्यावर पहिलं दुकान कुठलं दिसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक.

"त्यानं पाटी टांगली, मागे वळला आणि गेला," भावबाई म्हणाली. "माझी चूक एवढीच झाली की दोन्ही आकडे एकाच माणसाचे धरले."

तेवढ्यात डॉक्टरांचा माणूस निरोप घेऊन आला. हृदय थांबलं होतं. खोक्यावर डोकं आपटायच्या आधीच थोरला गेलेला होता, आणि पहाटे शेजारी कुणी असतं तरी काही करता आलं नसतं. फौजदारानं तो निरोप वर वहिनीला सांगून यायला एका बाईला पाठवलं. मग त्यानं कागद पुढे घेतला. खून नव्हता, मारहाण नव्हती. विधवेनं अंडी एकानं महाग केली, ह्याला कलम सापडेना. शेवटी तो धाकट्याला म्हणाला, जा, वर जाऊन भेटून ये.

धाकटा उठला नाही. त्यानं भावबाईला विचारलं, तेरा कुणाचे.

"दादांचेच."

"आणि चौदा?"

"वहिनींचे."

त्यानं मान हलवली. आता त्याला रडू आलं, आणि ह्या वेळी ते मधे थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी गल्ली बंद होती. तिसऱ्या दिवशी उघडली. ट्रक आला होता, भाव पुन्हा बारा. थोरल्याच्या आठवणीसाठी काहीतरी करावं असं सगळ्यांच्या मनात होतं, म्हणून विसांनीही मिळून पाटीवर एक वाढवला. गिऱ्हाईक आलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तेरा बघितले, थोडं कुरकुरलं, दोन-चार जणांनी डझनाऐवजी अर्धा डझन घेतला, आणि बाजार नेहमीसारखा भरून वाहिला. सगळ्यांनी मिळून वाढवला तर गिऱ्हाईक जाणार कुठे, हे शोकात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुपारपर्यंत गल्ली निमूटपणे बारावर आली.

वहिनीही दुकानात बसली होती. तिच्यापुढे चार-पाच माणसं उभी होती. समोर धाकट्यानं आपली पाटी आत घेतली, दोन पुसले, तीन लिहिले आणि पाटी पुन्हा टांगली. एकट्यानंच. त्याच्या दारातली माणसं वाचून वळली आणि पांगली. दुकान रिकामं झालं तसा तो चहाचे दोन पेले घेऊन रस्त्यावर उतरला, तो ओलांडला, आणि काउंटरच्या मागे त्या बुटक्या स्टुलावर येऊन बसला. पेला तिच्या हातात दिला. काय बोलायचं ते त्यानं ठरवून आणलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"वहिनी, मी काय म्हणत होतो," तो म्हणाला, आणि तेवढ्यात एका बाईनं पिशवी पुढे करून दोन डझन मागितली. तो थांबला.

वहिनीनं त्या बाईला दोन डझन दिली. मग पेला बाजूला ठेवला, दोरी ओढून पाटी आत घेतली, दोन पुसले आणि तीन लिहिले. पाटी बाहेर गेली. उरलेली माणसं ती वाचून पिशव्या सावरत पुढे निघून गेली.

"बोला, भाऊजी," ती म्हणाली. "आता कुणी येत नाही."